दुभत्या जनावरांतील चयापचय आणि कासेची प्रतिकारशक्ती : मुंबईच्या दूधव्यवस्थेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

दक्षिण मुंबईतील ऑगस्ट क्रांती मैदानाचे जुने नाव 'गवालिया टँक' असे आहे. गवळी आपली गुरे ज्या तलावावर पाण्याला आणीत, त्या तलावावरून हे नाव पडले. तलाव बुजला, गवळी पांगले, पण नाव राहिले. गिरगाव, दादर, परळ या वस्त्यांतही एके काळी म्हशींचे गोठे होते आणि सकाळचे दूध गल्लीतल्या गोठ्यातूनच घरात येत असे. याच शहरात, परळ येथे, २ ऑगस्ट १८८६ रोजी पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज ते महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे घटक महाविद्यालय आहे. दूध पिणारे शहर आणि दुभत्या जनावराच्या आरोग्याचा अभ्यास करणारी संस्था यांचा शेजार असा शतकाहून जुना आहे.

आता लालबाग-परळच्या रहिवाशाला दूध पिशवीतून मिळते आणि ते देणारी गाय वा म्हैस बहुधा कोल्हापूर, सांगली, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत किंवा गुजरातेत असते. जनावर दृष्टीआड झाले तरी त्याच्या आरोग्याशी असलेला ग्राहकाचा संबंध तुटलेला नाही. प्रस्तुत लेखात या संबंधातील एका महत्त्वाच्या दुव्याचा विचार केला आहे. कासेचा दाह हा दुग्धव्यवसायातील सर्वांत खर्चिक रोगांपैकी एक. तो होण्यास जंतू कारणीभूत असतात हे खरे. परंतु जंतूंना आत शिरून ठाण मांडता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी जनावराच्या चयापचयावर, विशेषतः विण्याच्या आगेमागे त्याला मिळणाऱ्या पोषणावर अवलंबून असते. ही बाब विज्ञानशाखेबाहेरील प्राध्यापकवर्गालाही समजावी अशा रीतीने मांडणे, हा या लेखाचा हेतू आहे.

कासदाहाविषयीची रूढ समजूत

कासदाहाला ग्रामीण भागात 'दगडी' म्हणतात. कास सुजून दगडासारखी कठीण होते, दुधात गाठी येतात, धार काढताना जनावर लाथ मारते. हे झाले रोगाचे उघड रूप. त्याहून अधिक नुकसान करणारे रूप म्हणजे सुप्त कासदाह. यात कास व दूध दोन्ही वरवर निर्दोष दिसतात. मात्र दूध घटते आणि त्यातील कायिक पेशींची संख्या वाढते. निरोगी कासेच्या दुधात दर मिलिलिटरमागे सामान्यतः एक लाखाहून कमी पेशी असतात. ही संख्या दोन लाखांपलीकडे गेली की कासेत संसर्ग असावा असे मानतात. गोठ्यात करता येणारी कॅलिफोर्निया मॅस्टायटिस चाचणी १९५७ पासून प्रचारात आहे. पेशी वाढल्या असतील तर द्रावण मिसळताच दूध बुळबुळीत होऊन घट्ट होते.

रोगाचे कारण म्हणून अस्वच्छ गोठा, ओली जमीन, न धुतलेले हात यांच्याकडे बोट दाखवले जाते. ते योग्यच आहे. परंतु एकाच गोठ्यात, त्याच जमिनीवर बसणाऱ्या, त्याच हातांनी पिळल्या जाणाऱ्या दहा गायींपैकी दोघींनाच दगडी का होते, आणि तीही विण्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अधिक का, याचे उत्तर केवळ अस्वच्छतेत मिळत नाही. ते शोधण्यासाठी कासेची संरक्षणव्यवस्था पाहावी लागते.

कासेची संरक्षणव्यवस्था

पहिला अडसर सडाच्या तोंडाशी असतो. सडाच्या टोकाशी स्नायूंचे वर्तुळाकार कडे असते व आतील नलिकेला केराटिन या द्रव्याचे अस्तर असते. भाकडकाळात याच केराटिनाचे बूच तयार होऊन नलिका बंद होते. धार काढल्यानंतर हे कडे पूर्ण आवळण्यास अर्धा ते दोन तास लागतात. धार काढून झाल्यावर जनावरापुढे चारा टाकावा, म्हणजे ते उभे राहते व उघड्या सडांना जमिनीचा स्पर्श होत नाही, हा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

हा अडसर ओलांडून जंतू आत शिरले की कासेतील महाभक्षी पेशी आणि दूध-नलिकांच्या अस्तरातील पेशी त्यांना ओळखतात व रासायनिक संकेत सोडतात. ते संकेत मिळताच रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, भिंत ओलांडतात, कासेत उतरतात, जंतूंना गिळतात आणि ऑक्सिजनच्या तीव्र क्रियाशील संयुगांनी त्यांना मारतात. या साऱ्यात वेळ निर्णायक असतो. ई. कोलायसारखा जंतू दुधात अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतो. न्यूट्रोफिल काही तासांत पोचले तर शेतकऱ्याला रोग झाल्याचे कळतही नाही. ते उशिरा पोचले, वा पोचूनही निष्प्रभ ठरले, तर गाय दगावण्यापर्यंत मजल जाते.

न्यूट्रोफिलांची रणभूमीही प्रतिकूल असते. दुधात ऑक्सिजन व ग्लुकोज अल्प असते. शिवाय या पेशी जंतूंबरोबरच दुधातील स्निग्धकण आणि केसीनही गिळतात व त्यात त्यांची शक्ती वाया जाते. शिधा घेऊनच लढाईला निघावे लागणाऱ्या सैनिकासारखी त्यांची स्थिती असते. शिवाय रक्तात त्यांचे आयुष्य काही तासांचेच असल्याने अस्थिमज्जेला त्या अखंड घडवाव्या लागतात. म्हणूनच जनावराच्या पोषणातील उणीव या पेशींत लवकर उमटते.

विण्याच्या आगेमागचे सहा आठवडे

विण्यापूर्वीचे तीन व नंतरचे तीन आठवडे यांना पशुविज्ञानात संक्रमणकाळ म्हणतात. गर्भाची वाढ शेवटच्या टप्प्यात असते, पोटात जागा कमी होते, संप्रेरके बदलतात आणि जनावराचे खाणे घटते. शेवटच्या दिवसांत ही घट तीस टक्क्यांपर्यंतही जाते. नेमक्या त्याच वेळी कास चीक तयार करू लागते. व्यायल्यानंतर दूध झपाट्याने वाढते, भूक मात्र सावकाश वाढते. परिणामी खाण्यातून मिळणारी ऊर्जा आणि दुधातून जाणारी ऊर्जा यांत तूट पडते व ती कित्येक आठवडे राहते.

या तुटीचे स्वरूप एका हिशेबावरून कळेल. एक लिटर दूध तयार करण्यासाठी कासेला सुमारे ७२ ग्रॅम ग्लुकोज लागते. दिवसाला वीस लिटर दूध देणाऱ्या संकरित गायीची कास म्हणजे रोज सुमारे १.४ किलो ग्लुकोज ओढून घेते. रवंथ करणाऱ्या जनावरांना आतड्यातून फारच थोडे ग्लुकोज मिळते. पोटातील सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या प्रोपिओनिक आम्लापासून ते मुख्यतः यकृताला घडवावे लागते. कास इन्सुलिनची वाट न पाहता ग्लुकोज उचलते. याउलट स्नायू व चरबी या ऊतींत या काळात इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. शरीराची ही रचना वासराच्या हिताची आहे. मात्र जनावर निवडून-निवडून दूध वाढवले गेले, तेव्हा हीच रचना आईच्या जिवावर बेतू लागली.

तूट भरून काढण्यासाठी अंगावरची चरबी वितळते. तिच्यातून सुटलेली मुक्त मेदाम्ले यकृतात पोचतात. तेथे त्यांचे पूर्ण ज्वलन न झाल्यास काही चरबी यकृतातच साचते आणि काहींची किटोन द्रव्ये बनतात. रक्तात बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हे किटोन दर लिटरला १.२ मिलिमोल वा अधिक असल्यास जनावराला सुप्त किटोसिस आहे असे सामान्यतः मानतात. अशी गाय आजारी दिसत नाही. ती थोडी वाळते, खुराक बाजूला सारून कडबा चघळते आणि तिच्या दुधातील स्निग्धांश वाढतो.

चयापचयातील बिघाड आणि दुबळी प्रतिकारशक्ती

चयापचय आणि प्रतिकारशक्ती यांतील संबंधाचे धागे मुख्यतः चार आहेत. पहिला धागा इंधनाचा. सक्रिय झालेल्या प्रतिकारपेशी ग्लुकोजवर चालतात. आयोवा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की दुभत्या गायीची प्रतिकारयंत्रणा तीव्रतेने चेतवली गेली, तर ती बारा तासांत एक किलोहून अधिक ग्लुकोज खर्च करते. वर दिलेल्या वीस लिटर दुधाच्या हिशेबाशी ताडून पाहता, प्रतिकार आणि दूध हे एकाच तिजोरीवरचे दोन दावेदार आहेत हे स्पष्ट होते.

दुसरा धागा किटोन द्रव्यांचा. किटोनांचे प्रमाण जास्त असले की न्यूट्रोफिलांची संसर्गाकडे धाव घेण्याची व जंतू गिळण्याची क्षमता मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. १९९३ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात किटोनयुक्त व किटोनमुक्त अशा दोन्ही गटांतील गायींच्या कासेत ई. कोलाय जंतू सोडण्यात आले. किटोनयुक्त गायींतील रोग अधिक तीव्र ठरला.

तिसरा धागा कॅल्शियमचा. चिकातून कॅल्शियम एकाएकी बाहेर जाते. रक्तातील त्याचे प्रमाण फार खाली गेले तर जनावर आडवे पडते, तो दुग्धज्वर. परंतु दर १०० मिलिलिटरला ८ मिलिग्रॅमच्या खाली राहणारी सुप्त कमतरता अधिक व्यापक असते. कॅल्शियमवाचून स्नायू नीट आकुंचन पावत नाहीत. त्यामुळे सडाचे कडे सैल राहण्याचा धोका वाढतो, पोटाची हालचाल मंदावते आणि खाणे आणखी घटते. प्रतिकारपेशी सक्रिय होण्याचा अंतर्गत संकेतही कॅल्शियमच्याच साहाय्याने जातो; तोही क्षीण होतो. म्हणजे वेशीवरचा दरवाजा आणि आतला पहारेकरी दोघेही एकाच वेळी ढिले पडतात.

चौथा धागा जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम यांचा. जंतू मारताना निर्माण होणाऱ्या क्रियाशील संयुगांपासून स्वतः न्यूट्रोफिलाला वाचवण्याचे काम ही द्रव्ये करतात. अमेरिकेतील ओहायो येथील १९८४ च्या अभ्यासात भाकडकाळात जीवनसत्त्व ई दिलेल्या गायींमध्ये उघड कासदाहाचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी घटले होते. हे जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यात भरपूर, तर वाळलेल्या कडब्यात व भुश्यात अत्यल्प असते. उन्हाळ्यात कडब्यावर काढलेल्या गाभणकाळाचा अर्थ यावरून ध्यानात येईल.

या सर्वांहून मूलभूत प्रश्न असा की, प्रतिकारशक्ती घटते ती विण्याच्या क्रियेमुळे की दूध देण्याच्या भारामुळे? अमेरिकेतील एम्स येथील राष्ट्रीय पशुरोग केंद्रात किमुरा, गॉफ व केहर्ली यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांनी काही गायींची कास शस्त्रक्रियेने आधीच काढून टाकली होती. या गायी व्यायल्या, पण त्यांना दूध नव्हते. विण्याच्या सुमारास न्यूट्रोफिलांतील जंतुनाशक एन्झाइमाची क्रियाशीलता दोन्ही गटांत घटली. परंतु कास नसलेल्या गायींत ती लवकर पूर्ववत झाली, कास असलेल्या गायींत मात्र घट टिकून राहिली. विण्याच्या वेळची संप्रेरके प्रतिकारशक्तीला धक्का देतात. तो धक्का लांबवतो तो दुधाचा भार, असा या प्रयोगाचा आशय आहे.

कारण की परिणाम?

येथपर्यंतचे विवेचन एकमार्गी वाटेल. परंतु या क्षेत्रात मतभेद आहेत. दुधाच्या मधल्या टप्प्यात असलेल्या गायींचे खाद्य मुद्दाम तोडून ऊर्जेची तूट निर्माण केली असता कासेच्या प्रतिकारात तेवढा ठळक बिघाड दिसत नाही. म्हणजे तूट एकटी पुरेशी नाही. विण्याच्या काळातील इतर बदलांची साथ तिला लागते. आयोवाच्याच हॉर्स्ट, क्विडेरा व बॉमगार्ड यांनी २०२१ मध्ये याहून पुढे जाऊन असा प्रश्न उपस्थित केला की, वाढलेली मेदाम्ले व किटोन ही रोगाची कारणे आहेत की गर्भाशय, आतडे वा कास येथे आधीच सुरू झालेल्या दाहाचे परिणाम आहेत? दाह झाला की भूक मंदावते, भूक मंदावली की चरबी वितळते. तेव्हा क्रम उलटाही असू शकतो.

हा वाद मिटलेला नाही. तथापि दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य व्हावी : संक्रमणकाळात ज्या जनावराचे खाणे टिकते, त्याची कासही टिकण्याची शक्यता अधिक असते. दुसरी मर्यादाही नोंदवली पाहिजे. वरील बहुतेक प्रयोग होल्स्टीन गायींवर झाले आहेत. म्हशीच्या सडाचे कडे अधिक घट्ट व नलिका लांब असते, त्यामुळे तिच्यात उघड कासदाह तुलनेने कमी आढळतो. पण तिच्या दुधात स्निग्धांश सात टक्क्यांच्या घरात असल्याने लिटरमागे ऊर्जाखर्च गायीच्या सुमारे दीडपट पडतो. म्हणून होल्स्टीनचे आकडे म्हशीला जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही.

मुंबईच्या दूधव्यवस्थेतील विभागलेले जीवन

या शास्त्रीय चौकटीतून मुंबईच्या दूधपुरवठ्याचा इतिहास पाहिला की एक वेगळीच बाब उजेडात येते. तबेल्याचा व्यवहार ताज्या व्यालेल्या म्हशीवर उभा होता. मेहसाणा, सौराष्ट्र, हरियाणा येथून नुकतीच व्यालेली म्हैस विकत आणायची, दूध असेपर्यंत पोसायची आणि आटली की गावाकडे पाठवायची किंवा खाटकाला विकायची. शहरात जागेला व चाऱ्याला मोल असल्याने भाकड जनावर पोसणे परवडत नसे. १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगाव येथे आरे दूध वसाहत उभी राहिली. शहरातील तबेले हलवून जनावरांना मोकळी जागा, चारा व पशुवैद्यकीय सेवा देण्याचा तो मोठा प्रयत्न होता. खुरोडी यांना १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तथापि, दुभते जनावर शहराजवळ आणि भाकड जनावर दुसरीकडे, ही मूळ विभागणी आरेमुळे संपली नाही.

प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने या विभागणीचा अर्थ गंभीर होता. ज्या काळात कासेच्या पुढील आरोग्याचा पाया घातला जातो, तो भाकडकाळ व विण्यापूर्वीचे तीन आठवडे, यांवर तबेल्याच्या मालकाचे नियंत्रण नव्हते. म्हैस त्याच्या हाती येई ती विण्याचा धक्का, ऊर्जेची तूट आणि दूरच्या प्रवासातील उपासमार सोसून. जो तिला गाभणकाळात सांभाळी त्याला दुधाचे उत्पन्न नव्हते. ज्याला दुधाचे उत्पन्न होते त्याने तिला गाभणकाळात पाहिलेले नव्हते.

आज मुंबईला दूध देणाऱ्या जिल्ह्यांत चित्र बदलले आहे. तेथील शेतकरी जनावर बारा महिने दावणीला ठेवतो. भाकडकाळ पुन्हा दूध विकणाऱ्याच्याच हाती आला आहे. तरी हिशेबाची वही जुन्याच पद्धतीची राहिली आहे. आटलेल्या गायीचा खुराक बंद होतो, कारण तिच्याकडून त्या दिवशी काही येत नाही. व्याली की एकदम पेंड व भरडा वाढवला जातो, त्याने पोट बिघडते व खाणे आणखी तुटते.

दूध खरेदीची पद्धतही येथे विचारात घ्यावी लागेल. दर ठरतो तो स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थांवर. कायिक पेशींना त्यात सहसा स्थान नसते. किटोसिसकडे झुकलेल्या गायीच्या दुधात स्निग्धांश वाढतो. स्निग्धांश व प्रथिने यांचे गुणोत्तर दीडच्या पुढे जाणे हा धोक्याचा इशारा समजला जातो. म्हणजे गाय आपले अंग वितळवून देत असते आणि पावतीवर मात्र फॅट चांगली लागल्याचे समाधान उमटते. रोगाची खूण बक्षिसासारखी भासावी, ही या पद्धतीतील विसंगती आहे.

व्यवहारातील उपाय

उपाय खर्चिक नाहीत. ते वेळेवर करावे लागतात इतकेच. विण्यापूर्वी सुमारे साठ दिवस जनावर आटवावे. या काळात ते अतिशय लठ्ठ वा अतिशय कृश होऊ देऊ नये. लठ्ठ गाय व्यायल्यावर कमी खाते व तिची चरबी अधिक वेगाने वितळते. शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक हळूहळू वाढवावा, म्हणजे पोटातील सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याची सवय होते. याच काळात कॅल्शियमचा भरमसाट मारा न करता, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खनिजांचा समतोल साधावा. विण्यापूर्वी कॅल्शियम सहज मिळत राहिले, तर हाडांतून ते काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्त राहते. हिरवा चारा वा मुरघास आणि जीवनसत्त्व ई व सेलेनियमयुक्त मिश्रण यांची तरतूद करावी. व्यायल्यानंतर पहिल्या तीन आठवड्यांत किटोनांची तपासणी करावी. १९०८ पासून ज्ञात असलेली रोथेराची चाचणी याला पुरते. किटोन असल्यास द्रावण जांभळे होते. दर पंधरवड्यास कॅलिफोर्निया चाचणी घ्यावी. स्वच्छता आणि धारेनंतर सड औषधात बुडवणे हे तर चालू ठेवायचेच आहे.

यात शहरवासीयाचे हित काय? कासदाह झाला की प्रतिजैविके येतात आणि औषधोपचारानंतर दूध वगळण्याचा काळ पाळला गेला नाही तर त्यांचे अंश दुधात उतरतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेहून अधिक आढळले. हे प्रमाण १.२ टक्के, म्हणजे घबराटीचे नाही. परंतु गोठ्यात वापरलेले प्रत्येक प्रतिजैविक जंतूंना औषधाला दाद न देण्याची आणखी एक संधी देते, आणि असे जंतू गोठ्याच्या कुंपणात थांबत नाहीत. जो कासदाह होऊच दिला नाही, त्याला औषध लागत नाही.

समारोप

कासदाह हा कासेचा रोग असला तरी त्याची सुरुवात पुष्कळदा कासेत होत नाही. ती विण्यापूर्वीच्या रिकाम्या गव्हाणीत होते. ऊर्जेची तूट, किटोन, कॅल्शियम व सूक्ष्म पोषकद्रव्यांची उणीव यांनी दुबळ्या झालेल्या पेशींपुढे साधा जंतूही प्रबळ ठरतो. यांतील कोणता दुवा कारण व कोणता परिणाम, याविषयी संशोधन चालू आहे. तरी गाभण जनावराचे खाणे सांभाळण्याचा निष्कर्ष त्याने बदलणार नाही.

हा विषय केवळ पशुवैद्यकाचा नाही. स्निग्धांशावर आधारलेल्या दरपद्धतीचे परिणाम अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी, दूधपट्ट्याच्या बदलत्या सीमा भूगोलाच्या अभ्यासकांनी आणि सोप्या चाचण्या रसायनशास्त्राच्या विभागांनी अभ्यासाव्यात. संकलन केंद्रावर प्रत्येक दिवशी स्निग्धांश मोजला जातो. तोच आकडा जनावरनिहाय व प्रथिनांच्या जोडीने नोंदवला, तर दर ठरवणारे हे मोजमाप आजाराची पूर्वसूचनाही देऊ शकेल. मुंबईने दीर्घकाळ म्हशीचे दुभते दिवस तेवढे आपल्याजवळ ठेवले आणि भाकड दिवस दूर पाठवले. दुधाची गुणवत्ता त्या दूर पाठवलेल्या दिवसांत घडते, याची जाणीव दूध विकत घेणाऱ्या शहरालाही असणे अगत्याचे आहे.